लंडन ते ब्रायटन : पन्नास मैलांची वाट

श्रोतेहो, इंग्लंडचा नकाशा समोर घ्या. लंडनवर बोट ठेवा आणि ते सरळ खाली, दक्षिणेकडे ओढत आणा. बोट समुद्रात बुडायच्या आत जे गाव लागते ते ब्रायटन. हवा खाण्यासाठी, समुद्रात डुंबण्यासाठी, दोन दिवस कामाचा विसर पडावा म्हणून इंग्रज माणूस जिथे पिढ्यानपिढ्या जात आला, त्या गावांतले हे सर्वांत गाजलेले. लंडनपासून अंतर मोजाल तर सुमारे पन्नास मैल. बैलगाडीच्या हिशेबाने दोन मुक्कामांची वाट.

हे अंतर गेल्या पावणेतीनशे वर्षांत एका मैलानेही कमी झालेले नाही. मग त्यात इतिहास कसला, असे कोणी विचारील. इतिहास आहे तो इतकाच, की या वाटेवरून कोणी जायचे, कशात बसून जायचे आणि त्याचे मोल कोणी द्यायचे, हे दर पन्नास वर्षांनी बदलत गेले. मी ब्रायटन डोळ्यांनी पाहिलेले नाही, हे आधीच कबूल करतो. पण वर्गात इंग्लंडचा इतिहास शिकवताना राजेरजवाड्यांच्या सनावळीपेक्षा या एका वाटेने मला अधिक शिकविले. म्हणून आज तीच तुमच्यापुढे ठेवतो.

अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत ब्रायटन म्हणजे कोळ्यांची वस्ती. त्याचे नावही तेव्हा लांबलचक होते, ब्राइटहेल्मस्टन. लाटांनी किनारा खाल्लेला, मासेमारी उतरणीला लागलेली. तिथे जावे असे काही नव्हते, आणि जायचे म्हटले तर वाट नव्हती. मधला ससेक्सचा मुलूख चिकण मातीचा. पावसाळ्यात काळ्या रानातून गाडी हाकलेली असेल त्याला त्या चिखलाची कल्पना वेगळी द्यायला नको. चाके तुंब्यापर्यंत रुतत, आणि खानदानी लोकांच्या बग्ग्यांनाही बाहेर काढायला बैल जुंपावे लागत.

अशा आडगावाला लोक जाऊ लागले ते एका वैद्यामुळे. जवळच्या लुइस गावचे डॉक्टर रिचर्ड रसेल यांनी १७५० साली लॅटिन भाषेत एक ग्रंथ लिहिला. समुद्राचे पाणी ग्रंथींच्या विकारांवर औषध आहे, असे त्यांचे म्हणणे. त्यात नुसते स्नान नव्हे, ते पाणी पिणेही आले! आज आपल्याला हसू येईल. पण त्या काळी श्रीमंत रोग्यांना पैसा होता, वेळ होता, आणि आशाही होती. १७५३ मध्ये रसेलसाहेब स्वतःच ब्रायटनला येऊन राहिले. रोगी त्यांच्या मागोमाग आले. तेव्हा या वाटेवरचे पहिले प्रवासी मौजेसाठी निघालेले नव्हते, ते औषध घ्यायला निघाले होते.

१७८३ साली इंग्लंडचा युवराज तिथे आला. हाच पुढे राजा चौथा जॉर्ज झाला. त्याला गाव आवडले. बापाच्या नजरेपासून दूर राहायला मिळाले म्हणून जास्त आवडले असावे. त्याने तिथे वाडा बांधला. पुढे १८१५ ते १८२२ या काळात जॉन नॅश या वास्तुकाराने त्या वाड्यावर असे काही घुमट आणि मिनार चढविले की, इंग्लंडच्या किनाऱ्यावर दिल्ली-आग्र्याची स्वप्ने पडावीत. यालाच रॉयल पॅव्हिलियन म्हणतात. शेजारी घोड्यांसाठी पागा बांधली, तिच्यावरही प्रचंड घुमट. ही पागा लक्षात ठेवा, शेवटी तिच्याकडे परत यायचे आहे.

राजा गेला की दरबार जातो, दरबार गेला की शिंपी, स्वयंपाकी, दुकानदार, सगळे जातात. वाट सुधारणे भागच होते. इंग्लंडात त्या काळी सडका सुधारण्याची एक तऱ्हा होती. पार्लमेंटकडून परवानगी घेऊन स्थानिक लोक ट्रस्ट काढीत, नाके बसवीत, येणाऱ्याजाणाऱ्याकडून टोल घेत आणि त्या पैशातून खडी टाकीत. आज आपण टोलनाक्यावर कुरकुरतो, तसेच तेही कुरकुरत. पण रस्ता झाला. त्यावरून चार घोड्यांच्या भाड्याच्या गाड्या धावू लागल्या. दर काही मैलांवर सराईत ताजे घोडे तयार असत. गाडी थांबली की थकलेले घोडे सोडायचे, नवे जुंपायचे, की निघाली. ज्या प्रवासाला पूर्वी सबंध दिवस पुरत नसे तो १८३० च्या सुमारास सहा तासांच्या आत होऊ लागला, आणि दोन्ही बाजूंनी रोज डझनांनी गाड्या सुटू लागल्या. आत बसणाऱ्याचे भाडे जास्त. ज्याला ते परवडत नसे तो टपावर बसे, ऊनपाऊस खात. गाडी एकच, वाट एकच, आणि पैशाप्रमाणे माणसाची जागा आतली की वरची हे ठरलेले.

इथे शिक्षकबंधूंना एक विनंती. ब्रायटन रेल्वेने घडविले, असे वाक्य पुष्कळ पुस्तकांत सर्रास आढळते. ते फळ्यावर लिहिण्याआधी खानेसुमारीचे आकडे लिहा. १८०१ साली ब्रायटनची वस्ती सुमारे ७,३०० होती. १८२१ मध्ये ती २४,००० वर गेली आणि १८३१ मध्ये ४०,००० च्या पुढे. रेल्वे आली १८४१ साली, तेव्हा ४६,०००. म्हणजे गाव सहापटीने वाढले ते घोड्यांच्या टापांवर! रेल्वेने गाव जन्माला घातले नाही. तिने त्या गावात येणारी माणसे बदलली, आणि ही गोष्ट अधिक मोठी आहे.

घोडागाड्यांच्या त्या भरभराटीच्या काळात आपल्याकडचा एक माणूस ब्रायटनला पोहोचला. त्याचे नाव शेख दीन महंमद. जन्म १७५९ चा, पाटण्याचा. ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल फौजेबरोबर वाढला, मग आयर्लंडला गेला. तिथे १७९४ मध्ये त्याने आपल्या प्रवासाचे पुस्तक इंग्रजीत छापले. भारतीय माणसाने इंग्रजीत लिहून प्रसिद्ध केलेले ते पहिले पुस्तक मानतात. १८१० साली त्याने लंडनमध्ये हिंदुस्थानी पद्धतीचे खाणे देणारे घर उघडले, ते बुडाले. पण गडी हिकमती! १८१४ मध्ये तो ब्रायटनला आला आणि समुद्राकाठी वाफेची स्नाने आणि अंग रगडून देण्याचा व्यवसाय थाटला. आपली चंपी! तिलाच इंग्रज ‘शॅम्पू’ म्हणू लागले. पुढे त्या शब्दाचा अर्थ केस धुण्याच्या साबणापुरता उरला. चौथा जॉर्ज आणि त्याच्या मागून आलेला चौथा विल्यम या दोन्ही राजांची अंगमर्दनाची सनद त्याच्याकडे होती. लंडनच्या एवढ्या अफाट पेठेत ज्याचे दिवाळे वाजले त्याला या छोट्या गावात नशीब सापडले. त्याचे गिऱ्हाईक रोज गाडीतून दुखऱ्या हाडांनिशी उतरत होते ना!

ब्रायटनला पोहोचण्याची दुसरी वाट पाण्याची. समोर फ्रान्समधले दिएप बंदर. लंडनहून पॅरिसला जाणारे पुष्कळ लोक ब्रायटनला येत आणि इथून जहाज पकडत. पण ब्रायटनला बंदरच नव्हते. प्रवाशांना होडीतून जहाजापर्यंत न्यावे लागे, कित्येकदा खांद्यावरून. म्हणून कॅप्टन सॅम्युअल ब्राउन यांनी साखळदंडांवर टांगलेला एक लांब धक्का समुद्रात बांधला. तो १८२३ साली खुला झाला. बांधला आगबोटींसाठी, पण लोकांना त्यावर नुसते फिरायलाच आवडले. समुद्रात जायचे आणि पाय कोरडे ठेवायचे, ही चैन नवी होती. पुढे १८४७ मध्ये शेजारच्या न्यूहेवन बंदरापर्यंत रेल्वे गेली आणि फ्रान्सच्या बोटी तिकडे वळल्या. न्यूहेवन ते दिएप ही फेरी आजही चालते. साधारण चार तास लागतात.

आता रेल्वेकडे येऊ. लंडनहून ब्रायटनला रूळ कोठून न्यावेत यावर पार्लमेंटात मोठे भांडण झाले. टेकड्यांना वळसा घालून नदीच्या खोऱ्यातून जाणारा सोपा मार्ग एक, आणि टेकड्या फोडून नाकासमोर जाणारा दुसरा. १८३७ मध्ये सरळ मार्गाला मंजुरी मिळाली. अभियंता होते जॉन रॅस्ट्रिक. बोगद्यांमागून बोगदे खणावे लागले. त्यांतला क्लेटनचा बोगदा सव्वा मैलाहून लांब. ऊझ नदीच्या खोऱ्यावर ३७ कमानींचा पूल बांधला. उंची ९६ फूट, आणि विटा लागल्या एक कोटी दहा लाख. त्या विटा नदीतूनच होड्यांनी वर आणल्या. त्या पुलावरून आजही गाड्या धावतात.

२१ सप्टेंबर १८४१ ला सबंध मार्ग खुला झाला. आपल्या बोरीबंदर ते ठाणे या पहिल्या गाडीच्या आधी अवघी बारा वर्षे. सहा तासांचा प्रवास दोन तासांच्या आत आला. घोडागाड्यांचे मालक आणि सराईवाले डोळ्यांदेखत बसले. पुढे १८८८ साली जिम सेल्बी नावाच्या गाडीवानाने हजार पौंडांच्या पैजेवर लंडनहून ब्रायटनला जाऊन परत येण्याचा पराक्रम चार घोड्यांच्या गाडीने ७ तास ५० मिनिटांत केला. लोकांनी टाळ्या वाजविल्या. पण ती टाळी निरोपाची होती. पोट भरायला कोणी त्या गाडीत बसत नव्हते.

तरी सुरुवातीला रेल्वे ही काही गरिबाची नव्हती. १८४४ मध्ये ग्लॅडस्टन यांनी व्यापारमंत्री असताना एक कायदा करवून घेतला. त्याप्रमाणे कंपन्यांनी रोज निदान एक गाडी अशी सोडायची, की जी प्रत्येक स्टेशनावर थांबेल, ताशी १२ मैलांहून हळू जाणार नाही, जिच्या तिसऱ्या वर्गाला बसायला बाके आणि वर आडोसा असेल, आणि भाडे मैलाला एक पेनीहून अधिक नसेल. चांगला कायदा! पण हिशेब करून पाहा. बारा पेन्यांचा एक शिलिंग. पन्नास मैलांना पन्नास पेन्या, म्हणजे चार शिलिंग दोन पेन्या, आणि तेही एका बाजूचे. तेव्हा शेतमजुराची आठवड्याची मजुरी दहा शिलिंगांच्या घरात. समुद्र पाहून यायला जवळजवळ आठवड्याची कमाई!

वाट मोकळी केली ती सहलीच्या गाड्यांनी. कंपन्यांच्या ध्यानात आले, की रविवारी आणि सणाला डबे रिकामे उभे असतात. ते स्वस्तात भरले तरी नफाच. १८४४ च्या ईस्टरला अशी एक गाडी लंडनहून निघाली, ती इतकी भरली की डबे जोडता जोडता एकामागून एक इंजिने लावावी लागली. १८५९ साली चार्ल्स रॉसिटर या चित्रकाराने एक चित्र काढले. त्याचे नावच ‘साडेतीन शिलिंगांत ब्रायटन आणि परत’. साडेतीन शिलिंग म्हणजे ४२ पेन्या, जाऊन येऊन शंभर मैलांना. मैलाला अर्ध्या पेनीहूनही कमी पडले. चित्रात तिसऱ्या वर्गाचा डबा आहे. बाजू उघड्या, माणसे दाटीने बसलेली, पावसाचा मारा छत्रीने अडविण्याची धडपड. कायद्यातला आडोसा रोजच्या एका गाडीला होता, या स्वस्त गाड्यांना नव्हता. पण चेहरे पाहा. ते कुरकुरत नाहीत, समुद्राला निघाले आहेत.

राणी व्हिक्टोरियाला मात्र ही माणसे मानवली नाहीत. तिच्या मागे रस्त्यात गर्दी होई, लोक वाकून तोंड पाहत. १८४५ नंतर ती पॅव्हिलियनमध्ये राहायला आली नाही. वाइट बेटावर तिने दुसरे घर घेतले, आणि १८५० मध्ये हा राजवाडा ब्रायटनच्या नगरपालिकेला विकून टाकला. राजाने आणलेल्या गावातून राणी निघून गेली आणि तिच्या दिवाणखान्यात तिकीट काढून कारकून नि कारागीर हिंडू लागले. एवढी उलथापालथ रक्ताचा थेंब न सांडता झाली, असे मी म्हणणार होतो. पण ते खरे नाही.

तारीख २५ ऑगस्ट १८६१. रविवार. सकाळी ब्रायटनहून लंडनकडे तीन गाड्या सुटायच्या होत्या. एक पोर्ट्‌समथहून आलेली सहलीची, दुसरी ब्रायटनची सहलीची, तिसरी नेहमीची. वेळा ठरलेल्या होत्या ८ वाजून ५ मिनिटे, ८-१५ आणि ८-३०. पण पहिलीच उशिरा आली. मग तिन्ही सुटल्या ८-२८, ८-३१ आणि ८-३५ ला. दोन गाड्यांत निदान पाच मिनिटे ठेवावीत असा कंपनीचा नियम होता. पहिल्या दोहोंत तीन मिनिटे राहिली, पुढच्या दोहोंत चार.

क्लेटन बोगद्याच्या दक्षिण तोंडाशी सिग्नलवाला होता किलिक, उत्तर तोंडाशी ब्राउन. दोघांमध्ये तारायंत्र. किलिकच्या बाजूचा सिग्नल गाडी गेली की आपोआप ‘थांबा’ वर यायचा. न आला तर घंटा वाजायची. पहिली गाडी आत गेली. सिग्नल हलला नाही. घंटा वाजली. किलिकने ब्राउनला कळविले, बोगद्यात गाडी आहे. एवढ्यात दुसरी गाडी दारात. किलिक लाल बावटा घेऊन बाहेर धावला, पण इंजिन त्याच्यासमोरून आत शिरत होते. ड्रायव्हरने बावटा पाहिला की नाही? त्याला कळेना. त्याने तारेने विचारले, बोगदा मोकळा झाला का? पलीकडे ब्राउनला नुकतीच पहिली गाडी बाहेर पडताना दिसली होती. आत दुसरी आहे हे त्याला ठाऊकच नव्हते. त्याने उत्तर दिले, मोकळा आहे.

किलिकला वाटले, दुसरीही बाहेर पडली. त्याने तिसऱ्या गाडीला पांढरा बावटा दाखविला. त्या काळी वाट मोकळी असल्याची खूण तीच.

दुसऱ्या गाडीच्या ड्रायव्हरने बावटा पाहिला होता! त्याने बोगद्यात गाडी उभी केली आणि काय झाले ते विचारावे म्हणून ती हळूहळू मागे घ्यायला सुरुवात केली. काळोखात तिसरी गाडी तिच्यावर येऊन आदळली. इंजिन शेवटच्या डब्यावर चढले. २३ माणसे मेली, १७६ जखमी झाली. इंग्लंडच्या रेल्वेवर तोपर्यंत एवढा मोठा अपघात झालेला नव्हता.

चूक कोणाची? ब्रायटनच्या साहाय्यक स्टेशनमास्तरावर मनुष्यवधाचा खटला भरला गेला, तो सुटला. किलिककडे बोट दाखविणारेही निघाले. पण चौकशीत एक गोष्ट पुढे आली, ती मुलांना अवश्य सांगा. किलिक त्या दिवशी चोवीस तासांच्या पाळीवर होता. त्याची पाळी एरवी अठरा तासांची. आठवड्यातून एक सबंध दिवस सुटी मिळावी म्हणून एकदा चोवीस तास उभे राहायचे, अशी ती सोय होती. गाडीतले लोक सुटीसाठी निघाले होते, आणि त्यांचा बावटा ज्याच्या हाती होता तोही एका सुटीसाठीच जागत होता. साडेतीन शिलिंगांच्या तिकिटात जे पैसे धरलेले नव्हते ते असे वसूल झाले.

यंत्र बिघडले हे खरे. पण दोन गाड्यांमध्ये वेळाचे अंतर ठेवण्याची पद्धतच मुळात धोक्याची होती. पहिली गाडी वाटेत अडली तर मागच्या गाडीला घड्याळ काय सांगणार? त्याऐवजी मार्गाचे तुकडे पाडायचे आणि एका तुकड्यात एका वेळी एकच गाडी सोडायची, ही पद्धत सरकारी निरीक्षक सुचवीत होते. तारयंत्रावर फार विसंबले तर माणसे गाफील होतील, असे म्हणून कंपनीने आधी नाक मुरडले. हळूहळू ती पद्धत आली, पण पार्लमेंटने ती सर्व प्रवासी मार्गांवर सक्तीची केली १८८९ मध्ये, आयर्लंडमध्ये आर्माजवळ आणखी मोठा अपघात झाल्यावर. क्लेटननंतर अठ्ठावीस वर्षांनी! चार्ल्स डिकन्स यांची १८६६ मधली बोगद्याजवळच्या सिग्नलवाल्याची भुताटकीची गोष्ट प्रसिद्ध आहे. तिच्यामागे क्लेटन असावे असे अनेक अभ्यासक मानतात.

रविवारी सहली काढल्या म्हणून देव कोपला, असे म्हणणारे पाद्रीही त्या वेळी होते. त्यांना वाटले लोक आता घरी बसतील. लोक बसले नाहीत. रविवारखेरीज मजुराला मोकळा दिवस होताच कुठला? १८७१ साली सर जॉन लबक यांच्या खटपटीने बँकांच्या सुट्यांचा कायदा झाला. ईस्टरनंतरचा सोमवार, ऑगस्टचा पहिला सोमवार असे दिवस मोकळे झाले. तेव्हापासून त्या सोमवारी ब्रायटनच्या किनाऱ्यावर पाय ठेवायला जागा उरेना.

गावात पोहोचल्यावरही लोकांना वाहनांची हौस होतीच. मॅग्नस व्होल्क नावाच्या गृहस्थाने ४ ऑगस्ट १८८३ रोजी किनाऱ्याकाठी विजेची छोटी आगगाडी सुरू केली. जगातल्या अजून चालणाऱ्या विजेच्या रेल्वेंत ती सर्वांत जुनी. तेवढ्यावर त्याचे समाधान होईना. १८९६ मध्ये त्याने समुद्रातून चालणारी गाडी काढली! रूळ समुद्राच्या तळाशी, त्यावर वीसबावीस फुटांहून उंच पायांचे मचाण, मचाणावर माणसे. भरतीच्या वेळी पाय पाण्यात बुडत आणि गाडी लाटांवरून सरकते आहे असे दिसे. लोक तिला ‘लांबटांग्या बाबा’ अशा अर्थाच्या नावाने हाक मारीत. समुद्रात चालते म्हणून तिच्यावर जहाजाचा कप्तान आणि जीवनरक्षक होडी ठेवावी लागे. सुरू होऊन आठवडा झाला नाही तोच ४ डिसेंबरच्या वादळात ती आडवी झाली, आणि त्याच रात्री तो साखळदंडांचा जुना धक्काही वाहून गेला. गाडी दुरुस्त झाली, पण १९०१ पर्यंतच चालली. मुलांना हे सांगितले तर पुढचा तास कोणी खिडकीबाहेर बघणार नाही.

त्याच १८९६ साली सडकेला पुन्हा दिवस आले. मोटारीची वेगमर्यादा कायद्याने ताशी १४ मैलांपर्यंत वाढविली, आणि १४ नोव्हेंबरला आनंदाने मोटारवाल्यांनी लंडन ते ब्रायटन अशी धाव काढली. कित्येक गाड्या वाटेतच बसल्या. त्या दिवसाची आठवण म्हणून जुन्या मोटारींची फेरी दर नोव्हेंबरात त्या वाटेवर निघते.

रेल्वेच्या पुढच्या गोष्टीत मजा एकच सांगतो. १९०८ साली ‘सदर्न बेल’ ही आरामगाडी वाफेच्या इंजिनावर साठ मिनिटांत ब्रायटनला पोहोचे. १ जानेवारी १९३३ पासून सबंध मार्ग विजेवर आला. मुंबईत विजेची गाडी १९२५ मध्येच धावली होती, हे जाता जाता. १९३४ मध्ये त्या आरामगाडीचे नाव ‘ब्रायटन बेल’ झाले आणि १९७२ पर्यंत ती चालली. आज लंडनच्या व्हिक्टोरिया किंवा लंडन ब्रिज स्टेशनावरून जलद गाडीत बसा, वेळ लागतो सुमारे तासच! शंभराहून अधिक वर्षांत घड्याळ फारसे पुढे सरकले नाही. फरक पडला तो असा, की आरामगाडी दिवसातून मोजक्या वेळा सुटे, आणि आताच्या गाड्या तासाला कित्येक असतात. विमानाने येणाऱ्याला गॅटविकचा तळ याच मार्गावर आहे. तिथून अर्ध्या तासाच्या आत पोहोचतो. बसने दोन तासांहून अधिक, पण बहुधा स्वस्त. स्टेशन टेकडीवर आहे. बाहेर पडून सरळ उतारावर चालत राहिले की पंधरा मिनिटांत समुद्र.

आता त्या पागेकडे यायचे आहे.

१९१४ च्या महायुद्धात हिंदी फौज फ्रान्समध्ये लढत होती. जखमी शिपायांना बोटीने साउथॅम्प्टनला आणि तिथून रेल्वेने ब्रायटनला आणले. डिसेंबर १९१४ मध्ये पॅव्हिलियनचे इस्पितळ झाले. युवराजाच्या घोड्यांसाठी बांधलेल्या त्या घुमटाखाली शेकडो खाटा मांडल्या. हिंदूंचा, मुसलमानांचा स्वयंपाक वेगळा, पाण्याचे नळ वेगळे. गावातल्या शाळेत आणि गोरगरिबांच्या वर्कहाउसच्या इमारतीतही इस्पितळे उघडली. तिन्ही मिळून सुमारे बारा हजार हिंदी जखमींवर उपचार झाले. पंजाबातला, गढवालातला, नेपाळातला शेतकऱ्याचा मुलगा, ज्याने आपला जवळचा तालुकासुद्धा नीट पाहिला नव्हता, तो या वाटेने ब्रायटनला पोहोचला. तिकीट त्याने काढलेले नव्हते. किनाऱ्यावर खुर्चीत बसून त्याने समुद्र पाहिला, आणि ब्रायटनचे लोक कुंपणापाशी उभे राहून त्याला पाहत.

जे मुसलमान शिपाई वारले त्यांचे दफन वोकिंगला झाले. हिंदू आणि शीख मिळून त्रेपन्न जणांना ब्रायटनच्या मागच्या माळावर, पॅचम गावाच्या वर अग्नी दिला. त्या जागी पांढऱ्या संगमरवराची छत्री बांधली आहे. आराखडा केला ई. सी. हेन्रिक्स या मुंबईच्या तरुण वास्तुकाराने. १ फेब्रुवारी १९२१ रोजी ती उघडली. दर जूनमध्ये तिथे माणसे जमतात, फुले वाहतात.

त्या छत्रीपर्यंत मात्र रेल्वे जात नाही, मोटारही जात नाही. गाडी रस्त्याला सोडायची आणि मेंढरांच्या कुरणातून टेकडी पायीच चढायची.